कपडे आणि गाडी: छोट्या बचतीतली खरी कुठली, वरवरची कुठली?

आडवाउभा
घरखर्चाची वही चाळली की दोन रकाने दर महिन्याला थोडेथोडे फुगतात: कपडे आणि गाडी. गाडी विकणं, घर बदलणं वगैरे मोठे उपाय या धाग्यात नकोत. रोजच्या वापरात काय केलं तर फरक पडतो एवढंच विचारायचं आहे.

गाडी पेट्रोलवरची, इंजेक्शनवाली. जोडीला चेनची मोटरसायकल. कपड्यांच्या तक्रारी तीन: पँट मांडीत विरतात, चेन बिघडली की जॅकेट पडून राहतं आणि गडद कपडे वर्षभरात विटतात.

टायरची हवा, एअर फिल्टर, उतारावर न्यूट्रल, महागडं पेट्रोल यांपैकी खरं काय? ॲव्हरेज घरच्या घरी नीट कसं काढायचं? आणि कपड्यांची दुरुस्ती कुठवर परवडते? ‘कमी खरेदी करा’ छापाचे सल्ले माहीत आहेत. कृती आणि आकडे हवेत.

हिशेबनीस
ॲव्हरेजपासून सुरुवात करा, कारण मोजमाप चुकलं तर बाकीचे सगळे प्रयोग अंदाजपंचे होतात. डॅशबोर्डवरचा आकडा बहुधा थोडा खुशामतखोर असतो. पंपावर पहिला ‘टक’ होईपर्यंतच टाकी भरा. त्यानंतर पूर्णांकासाठी दाबूनदाबून भरू नका. किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, त्याच नळीने, तसंच पहिल्या टकपर्यंत.

बहुतेकांची चूक पुढे होते. टाकी ‘फुल’ होण्याच्या पातळीत एखादा लिटर इकडेतिकडे होतोच. एकदा भरलेल्या ३० लिटरवर हिशेब केला तर ही चूक ३ टक्क्यांच्या वर जाते. तुम्ही जे उपाय करणार आहात त्यातले निम्मे एक-दोन टक्क्यांचे आहेत, म्हणजे फायदा चुकीच्या पोटात गडप. म्हणून सलग तीन भरण्या एकत्र धरा. सुरुवातीची फुल टाकी धरायची नाही, त्यानंतरच्या तीन भरण्यांचे लिटर मिळवायचे. समजा ९२ लिटर आणि १,४७२ किलोमीटर: ॲव्हरेज १६. मधल्या भरण्यांतल्या चुका एकमेकींना खोडतात, फक्त पहिल्या आणि शेवटच्या ‘फुल’ची चूक उरते. ९२ लिटरवर एक लिटर म्हणजे जेमतेम १ टक्का. एका वेळी एकच बदल करा. हवा आणि ऑइल एकाच दिवशी बदललं तर श्रेय कुणाला देणार?

दुसरी गोष्ट, किलोमीटर प्रतिलिटर हे माप फसवं आहे. १० देणारी गाडी १२ देऊ लागली तर हजार किलोमीटरला १६.७ लिटर वाचतात. ५० देणारी मोटरसायकल ५५ देऊ लागली तर फक्त १.८ लिटर. टक्केवारीत पहिली २० आणि दुसरी १०, पण लिटरमध्ये नऊपटीहून जास्त फरक. तेव्हा आधी जास्त पिणाऱ्या वाहनाकडे बघा, आणि एकट्याने जायच्या फेऱ्या जमेल तेवढ्या मोटरसायकलवर ढकला.

जुनापाना
वरच्या प्रतिसादाला +१. आता गाडीचं एकेक घेऊ.

हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतं. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढी भरायची नसते. माप थंड टायरचं हवं: गाडी तीन तास उभी असावी किंवा दोन किलोमीटरपेक्षा कमी चाललेली असावी. बरंच अंतर चालवून पंपावर गेलात तर काटा तीन-चार पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जास्त दाखवतो. तो बघून हवा सोडली की सकाळी टायर कमी हवेवर उभा. गरम टायरची हवा सोडायची नाही, हा नियमच धरा. बाहेरचं तापमान १० अंशांनी उतरलं तरी दोन-एक पीएसआय घटतात. टायर चांगला असतानाही महिन्याला एखाद-दोन पीएसआय जातातच. एकच टायर वारंवार बसत असेल तर साबणाचं पाणी व्हॉल्व्हच्या तोंडावर आणि रिमच्या कडेने सोडून बुडबुडे बघा. पुष्कळदा व्हॉल्व्हमधली पिन सैल असते, ती आवळली की काम भागतं.

यातून पेट्रोल किती वाचतं? चारही टायरांत सरासरी १ पीएसआय कमी असेल तर ॲव्हरेज साधारण ०.२ टक्क्यांनी घसरतं. पाच पीएसआय कमी म्हणजे १ टक्का. हा आकडा ऐकून लोक निराश होतात, पण खरा तोटा पेट्रोलचा नसून टायरचा आहे. टायर हाताने चाचपून बघा. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्ये खाचा खोल आहेत: हवा कमी. मधला पट्टा झिजलाय: हवा जास्त. एकच कड गेली: अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडलेली. तळव्याला लाटांसारखे उंचवटे लागतात: शॉकअप किंवा बॅलन्सिंग. अलाइनमेंट बिघडलेली असताना नवे टायर टाकले तर तेही त्याच कडेने झिजणार, म्हणून आधी अलाइनमेंट आणि मग टायर.

एअर फिल्टर: कार्बोरेटरच्या (हवा-पेट्रोल मिसळणारा जुना भाग) जमान्यातला सल्ला इंजेक्शनच्या गाडीला चिकटलाय. कार्बोरेटरमध्ये फिल्टर तुंबला की मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढायचं. इंजेक्शनमध्ये आत येणारी हवा सेन्सर मोजतो आणि त्या मानानेच पेट्रोल सुटतं. तुंबलेल्या फिल्टरने गाडी मरगळते, ॲव्हरेज फारसं पडत नाही. बदला, पण पुस्तिकेतल्या मुदतीनेच. आणि कागदी फिल्टरवर कॉम्प्रेसरची हवा मळलेल्या बाजूने मारू नका. धूळ कागदात खोल रुतते, झोत जवळून असेल तर कागदाला सूक्ष्म चिरा जातात आणि तीच धूळ इंजिनात जाते.

उतारावर न्यूट्रल: नको. गाडी गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजेक्टर बंद होतात आणि चाकंच इंजिन फिरवतात. फेरे आयडलिंगच्या जवळ आले की पेट्रोल परत सुरू होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला सतत पेट्रोल लागतं, शिवाय इंजिनाचा ब्रेक जातो आणि सगळा भार ब्रेकच्या पॅडवर येतो. खरी बचत अंतर ठेवून चालवण्यात आहे. पुढचा सिग्नल लाल दिसला की तिथूनच पाय काढा. शेवटपर्यंत रेटून मग ब्रेक मारणं म्हणजे पेट्रोल जाळून मिळवलेला वेग पॅड तापवण्यात घालवणं. रहदारीत पेट्रोल आणि पॅड दोन्ही वाचवणारी यासारखी दुसरी फुकटची सवय नाही.

महागडं पेट्रोल: ऑक्टेनचा आकडा इंजिन ‘नॉक’ होण्याला (आतलं मिश्रण अवेळी पेटून खडखडण्याला) विरोध किती ते सांगतो, त्यात ताकद किती ते नव्हे. पुस्तिकेत जास्त ऑक्टेन सक्तीचं नसेल तर जादा पैसे वाया.

तुम्ही विचारलं नाहीत, पण यादीत सगळ्यात वर हवा तो वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात तर तो ५६ टक्क्यांनी वाढतो, आणि १०० किलोमीटरच्या प्रवासात वाचतात फक्त १५ मिनिटं. टपावरचा कॅरियर रिकामा असला तरी हवा अडवतोच. वापरून झाला की चार बोल्ट काढून घरात ठेवा.

थांबल्यावर, इंजिन तापलेलं असेल आणि दहा सेकंदांपेक्षा जास्त उभं राहायचं असेल तर बंद करणं फायद्याचं. लहान कार आयडलिंगवर तासाला अर्धा ते एक लिटर पिते. बॅटरी म्हातारी असेल तर मात्र हा खेळ जपून.

एक तपासणी कुणी करत नाही. फारसा ब्रेक न लावता आठ-दहा किलोमीटर चालवून थांबा आणि प्रत्येक रिमजवळ तळहात धरा. टेकवू नका, भाजेल. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर त्या चाकाचा ब्रेक धरून राहतोय. बहुधा कॅलिपरच्या (पॅड दाबणारा ब्रेकचा भाग) पिना कोरड्या पडलेल्या असतात. साफ करून त्या जागेसाठीचं ग्रीस लावलं की सुटतो. असं एक चाक हवा-फिल्टरच्या सगळ्या बचतीवर पाणी फिरवतं.

ताणाबाणा
कपड्यांवर मी लिहिते. मांडीतल्या पँटवर जरा लांबेल, कारण दुरुस्तीत सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाचतात आणि सगळ्यात जास्त चुकाही तिथेच होतात.

पँट एकदम फाटत नाही, आधी विरते. दर दोन महिन्यांनी उजेडासमोर धरून बघा. जीन्समध्ये ताणा (उभे धागे) निळा आणि बाणा (आडवे धागे) पांढरा असतो. घासून निळा ताणा आधी जातो आणि नुसत्या आडव्या पांढऱ्या दोऱ्या उरतात. त्या दिसल्या की त्याच आठवड्यात ठिगळ लावा. भोक पडल्यावर काम दुप्पट होतं आणि दिसतंही.

ठिगळाचं कापड पँटपेक्षा पातळ पण घट्ट विणीचं घ्या, आणि आधी धुऊन इस्त्री करा. नाहीतर पहिल्याच धुण्यात ठिगळ आटतं आणि वरची पँट चुण्या धरते. विरलेल्या भागाच्या बाहेर सगळीकडून दोन सेंटीमीटर जाईल एवढं कापा, कोपरे गोल करा. टोकदार कोपरा घासून उचकटतो. पँट उलटी करून ठिगळ आतून ठेवा. त्याचा ताणा पँटच्या ताण्याला समांतर हवा, तिरका पडला तर एकीकडे ओढ येते. टाचण्यांवर भागवू नका, हाताने धावदोरा घाला.

मग मशीनवर अडीच मिलिमीटरचा टाका, ताण्याच्या दिशेने पुढे-मागे ओळी, दोन ओळींत चार-पाच मिलिमीटर. ओळी विरलेल्या भागातून पुढे चांगल्या कापडात न्या, पण सगळ्या एकाच रेषेत थांबवू नका. एक लांब, एक आखूड अशा ठेवा. एका रेषेत थांबवल्या तर तिथे पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग तयार होते आणि नवी फाट नेमकी तिथूनच जाते. ‘ठिगळ टिकलं, पँट शेजारी फाटली’ ही तक्रार याच चुकीची. दोरा जाड घेतला तर तो विरलेल्या कापडाला करवतीसारखा कापतो, साधा शिलाईचा पॉलिएस्टर दोरा पुरतो. चार शिवणी मिळतात तिथल्या जाडीवरून मशीन रेटू नका, दोन्ही बाजूंना वेगळी ठिगळं लावा. जाडीवरून जायचंच असेल तर १६ नंबरची जीन्सची सुई लावून हाताने चाक फिरवत जा.

ताणणारी पँट असेल तर ठिगळही ताणणारंच आणि टाका झिगझॅग. सरळ टाका खाली बसताक्षणी तटतटा तुटतो. इस्त्रीने चिकटणारं ठिगळ एकट्याच्या भरवशावर सोडू नका, कडेने शिवाच. गोंद धुण्यात सुटतो.

आता जॅकेटची चेन. (मोटरसायकलची चेन दुसऱ्या कुणीतरी घ्या!) रनर पुढे गेल्यावर मागे दात उघडत असतील तर दोष दातांचा नसून रनरचा असतो. वापराने त्याचे मागचे दोन गाल पसरतात. लहान पकडीने आधी एक बाजू, मग दुसरी, अगदी हलकं दाबा आणि चालवून बघा. जोर लावला तर ओतीव धातूचा रनर मोडतो. जमलं नाही तर रनर बदला. त्याच्या पाठीवर ३, ५, ८ असा आकडा असतो, तो आणि चेनचा प्रकार दोन्ही जुळायला हवेत: नायलॉनचं वेटोळं, धातूचे दात की प्लॅस्टिकचे. वेटोळ्याचा ५ नंबर धातूच्या ५ नंबर चेनवर चालत नाही. चेन अडकत असेल तर धातूच्या दातांवर पेन्सिलीचं शिसं घासा, नायलॉनवर मेणबत्ती.

बटण शिवताना बटणावर काडी आडवी ठेवून टाके घ्या, काडी काढा आणि बटणाखाली दोरा चार-पाच वेढे गुंडाळून गाठ मारा. हा देठ नसला तर काजाच्या जाडीला जागा राहत नाही आणि दोरा घासून तुटतो.

चेनकव्हर
घेतली दुसरी चेन.

मोटरसायकल मधल्या स्टँडवर घ्या आणि खालच्या चेनचा मध्य वरखाली करून बघा. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर खेळ लागतो, नेमका आकडा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणारा दांडा) स्टिकरवर. एकाच जागी मोजू नका. चाक थोडंथोडं फिरवून चार-पाच ठिकाणी बघा, कारण चेन सगळीकडे सारखी ओढली जात नाही. सगळ्यात ताठ जागी खेळ पुरेसा हवा. सैल चेन आवाज करून सांगते तरी. ताठ चेन गुपचूप गियरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग खाते, आणि ते बिल चेनच्या कितीतरी पट असतं.

वंगण दर ५०० किलोमीटरच्या आसपास, फेरी मारून आल्यावर चेन कोमट असताना, खालच्या चेनच्या आतल्या बाजूला. फिरताना ते आपोआप बाहेर पसरतं. चाक हातानेच फिरवायचं. इंजिन चालू करून गियरमध्ये फिरवणाऱ्यांची बोटं जातात. धुवायला रॉकेल चालतं. पेट्रोल नको, ओ-रिंग (चेनच्या कड्यांमधल्या रबरी चकत्या) फुगून फाटतात.

मागच्या ड्रमब्रेकचा नट आवळून झाल्यावर, ब्रेक न दाबता चाक हाताने फिरवून सोडा. निदान दोन-तीन फेरे मोकळं फिरायला हवं. क्लचच्या दांडीच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर मोकळा खेळ ठेवा. तो नसला तर क्लच अर्धवट घसरत राहतो, इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही. चेन बदलाल तेव्हा दोन्ही स्प्रॉकेटही (चेनची दातेरी चाकं) बदला. झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकर संपते.

टाचणी
ठिगळाबद्दल ताणाबाणांशी सहमत. धुण्याबद्दल मी सांगते.

गडद कपडे विटतात त्यात घासण्याचा आणि उन्हाचा वाटा मोठा. धुताना उलटे करा, चेन आणि हुक लावून ठेवा, वाळत घालतानाही उलटेच आणि सावलीत. जीन्सबरोबर पातळ टीशर्ट घालू नका, जाड शिवणी त्याच्यावर कानशीसारख्या चालतात आणि गोळे येतात. मशीन अगदी गच्च भरलं तर घर्षण वाढतं आणि साबणही निघत नाही.

साबण जास्त टाकला की कपडे जास्त स्वच्छ होतात हा समज महागात पडतो. न निघालेला साबण धाग्यांत राहतो, मळ धरतो आणि रंग मळकट दिसतो. तपासायला धुतलेला टॉवेल साबणाशिवाय नुसत्या पाण्यात फिरवा. फेस आला तर पुढच्या धुण्याला साबण एक तृतीयांशाने कमी करा, आणि असंच करत जा. सॉफ्टनर टॉवेलला आणि ताणणाऱ्या कपड्यांना नकोच: टॉवेल पाणी शोषेनासा होतो. क्लोरीनचा ब्लीच इलास्टेनला (कपड्याला ताण देणारा धागा) खातो आणि लोकर-रेशीम तर विरघळवतो. मशीन स्वतः पाणी तापवत असेल तर रोजच्या मळाला गार पाणी लावा. विजेचा मोठा भाग तापवण्यातच जातो.

बरेच कपडे डागामुळे बाद होतात. रक्ताला गार पाणीच, गरम पाण्याने ते पक्कं बसतं. तेलाच्या डागावर पाणी लावण्याआधी भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, दहा मिनिटं, मग धुणं. गंजाच्या डागावर ब्लीच कधीच नाही, तो आणखी गडद होतो. लिंबाचा रस किंवा सायट्रिक ॲसिड लावून खळखळून धुवा, रंगीत कपड्यावर आधी आतल्या शिवणीत चाचणी घ्या. आणि डाग गेल्याची खात्री होईपर्यंत इस्त्री नको.

आडवाउभा
सगळ्यांचे आभार. रिमजवळ हात धरायची युक्ती आणि तिकिटाच्या कडेची गोष्ट, दोन्ही नवीन. एकच उरलं: जॅकेटच्या चेनचे मधले दोन दात गेलेत, प्लॅस्टिकचे. रनर बदलून उपयोग नाही ना? मग पूर्ण चेन बदलणं परवडतं का, कसं ठरवायचं?

ताणाबाणा
मधला प्लॅस्टिकचा दात गेला की रनर बदलून काही होत नाही, पूर्ण चेनच. दात खालच्या टोकाला गेले असते आणि चेन न सुटणारी असती, तर त्यांच्या वर दोऱ्याचे सात-आठ घट्ट वेढे शिवून नवा अडसर करता आला असता. पण जॅकेटची पूर्ण उघडणारी चेन असल्याने तो उपायही नाही. नवी घेताना उघडणारीच घ्या आणि लांबी दातांची मोजा, कापडी पट्टीची नव्हे. नेमकी लांबी नसेल तर थोडी लांब घ्या आणि वरून कमी करा. खालून कधीच नाही, तिथे खोबणी असते. जुनी उसवण्याआधी दोन्ही बाजूंना समोरासमोर खडूच्या खुणा करा, नाहीतर खिसे खालीवर होतात.

हिशेबनीस
परवडतं का ते असं काढा. दुरुस्तीचा खर्च भागिले त्यानंतर ते जॅकेट किती वेळा अंगावर येईल ती संख्या. नव्याची किंमत भागिले नवं किती वेळा येईल ती संख्या. पहिला आकडा कमी असेल तर दुरुस्ती. वेळांचा अंदाज मात्र गेल्या हंगामात प्रत्यक्ष किती वेळा घातलं त्यावरून धरा. आणि भागाकाराआधी कोपर, कॉलर आणि अस्तर बघून घ्या. अस्तर काखेत विरलं असेल तर नवी चेन जॅकेटपेक्षा जास्त जगेल.